एसटीत चालक व्हायचंय? आधी बिल्ला काढा

जाहिरात येण्याची वाट बघत बसू नका. ती आली की अर्ज भरण्यापुरते दिवस मिळतात, कागद जमवण्यापुरते नाहीत. दहावीचं प्रमाणपत्र, आधार, फोटो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे चला.

पहिला बिल्ला. जड वाहनाचा परवाना असला म्हणजे प्रवासी गाडी चालवता येते, असं नाही. सार्वजनिक सेवा वाहनाचा बिल्ला आरटीओतून वेगळा काढावा लागतो, आणि त्याला पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते. ती रखडली की तुमच्या शेवटच्या तारखेशी कुणाला देणंघेणं नसतं. माझी एक भरती याच बिल्ल्यापायी गेली, ट्रकचा परवाना खणखणीत असताना.

परवानाच नसेल तर बरंच आधी लागावं लागेल. वय 20 पूर्ण हवं आणि हलक्या वाहनाचा परवाना मिळून 1 वर्ष झालेलं हवं, तोवर व्यावसायिक वाहनाचं लर्निंगसुद्धा मिळत नाही. परवाना असेल तर त्याची मुदत आजच बघा. मुदत संपल्यावर 30 दिवस चालून जायचं, ते 2019 च्या कायदादुरुस्तीत बंद झालं. नूतनीकरण 1 वर्ष आधीपासून करता येतं, मग ताटकळायचं कशाला? आणि नव्या परवान्यावर बिल्ल्याची नोंद आली का, ते मिळाल्या मिळाल्या तपासा. हो, परत बिल्लाच.

अनुभवाचा दाखला सही-शिक्क्याचा घ्या, त्यात ‘जड वाहन’ असे शब्द हवेत. तारखा परवान्याशी ताडून बघा. जड परवान्याच्या आधीचा अनुभव दाखवलात तर तुम्हीच अडकाल.

डोळे आधी तपासा, रंग ओळखण्यासकट.

चाचणीसाठी बसवरच हात बसवा. ट्रकवाल्यांनी तर नक्कीच: बसचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे असतो, वळताना तो बाहेर फेकला जातो आणि खांबाला लागतो. आठचा आकडा, रिव्हर्स, चढावर थांबवून मागे न घसरू देता गाडी उचलणं, हे रोज करा. संगणकीय ट्रॅकवर चूक यंत्र टिपतं, तिथे साहेबाला विनवून उपयोग नाही.

कागदपडताळणीला मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच. बाकी जाहिरातीत असतं, नीट वाचा. बिल्ला मूळच न्या.