यंदा नर्सरीत घालावे की वर्षभर थांबावे? मुलाची शाळेची तयारी कशी ओळखावी

दिवाळी सरली की नाशिकमधील अनेक खासगी शाळांच्या दारावर प्रवेशाचे फलक लागतात आणि अडीच-तीन वर्षांची मुले असलेल्या घरांत एकच चर्चा सुरू होते. शेजारच्या मुलाचे नाव घातले गेलेले असते, आजीला नातवंड अजून लहान वाटत असते, नोकरी करणाऱ्या आईला मुलाच्या दिवसभराची सोय हवी असते, आणि चांगल्या शाळेतल्या जागा भरून जातील ही धास्ती सगळ्यांनाच असते. या गडबडीत ज्याला शाळेत जायचे आहे त्याच्याकडे नीट पाहायचेच राहून जाते. तयारी ओळखण्यासाठी कोणतीही चाचणी विकत घ्यावी लागत नाही. काही आठवडे शांतपणे निरीक्षण करावे लागते आणि आधी एक साधा हिशेब मांडावा लागतो.

आधी वयाचा हिशेब

महाराष्ट्रात २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून प्रवेशाचे वय ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीच्या ३१ डिसेंबर या तारखेला मोजले जाते. त्या दिवशी ३ वर्षे पूर्ण होत असतील तर प्लेग्रुप किंवा नर्सरीत आणि ६ वर्षे पूर्ण होत असतील तर पहिलीत प्रवेश मिळतो. शाळा मात्र जूनच्या मध्यावर भरते. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेले मूल नर्सरीच्या पहिल्या दिवशी पुरते अडीच वर्षांचेही नसते आणि त्याच्या शेजारी बसलेले जानेवारीच्या सुरुवातीला जन्मलेले मूल साडेतीन वर्षांचे होत आलेले असते. मोठ्या माणसांत एका वर्षाचा फरक कळतही नाही, पण या वयात ते एक वर्ष म्हणजे तोडके शब्द आणि सलग गोष्ट यांतले, किंवा डायपर आणि स्वतःहून शौचाला जाणे यांतले अंतर असते. हीच दोन मुले पुढे पहिलीत येतात तेव्हा एक साडेपाच वर्षांचे आणि दुसरे साडेसहा वर्षांचे असते.

सगळ्या शाळांची तारीख सारखी नाही, हेही लक्षात ठेवावे. देवळाली, नाशिकरोड आणि ओझर परिसरातील केंद्रीय विद्यालयांत पहिलीसाठी ३१ मार्चला ६ वर्षे पूर्ण असावी लागतात. ज्यांच्या नोकरीत बदल्या होतात अशा पालकांनी मूल लहान वयात नर्सरीत बसवण्यापूर्वी हा फरक जरूर विचारात घ्यावा. नाही तर सीनियर केजी संपवलेले मूल वयात बसत नाही म्हणून पहिलीच्या दारात अडते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला असून पहिलीचे वय ६ धरले आहे.

हे नियम मूल किती वर्षांचे झाल्यावर शाळा त्याला घेऊ शकते एवढेच सांगतात. त्या वयाला त्याला घातलेच पाहिजे, असे ते सांगत नाहीत. नर्सरी आणि केजीची सक्ती कायद्यात कुठेही नाही. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ या वयासाठी आहे. म्हणून माझे मत असे की, मूल ऑक्टोबर ते डिसेंबरमधले असेल आणि पुढे दिलेल्या गोष्टी पाहताना मनात शंका राहत असेल, तर नर्सरीच्या आधीच एक वर्ष थांबावे. आता थांबलेले मुलाला कळतही नाही, पण सीनियर केजीत पुन्हा बसवले तर सवंगडी पुढे गेल्याचे त्याला पुरेपूर कळते. मूल वर्षाच्या पूर्वार्धातले असेल तर मात्र उगाच थांबवू नये, कारण ते वर्गात फारच मोठे ठरते आणि त्यातून काही लाभ होत नाही. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश घ्यायचा असेल तर तिथे वयाची कमाल मर्यादाही असते, ती थांबण्यापूर्वी तपासून घ्यावी.

घरात काय पाहावे

पहिली गोष्ट दुरावा सहन करण्याची. मूल आईबाबांपासून दूर तीन तास राहू शकते का, हे शाळेच्या पहिल्या दिवशी कळण्याऐवजी आधी कळलेले बरे. रोज ज्यांच्या अंगाखांद्यावर ते खेळते त्या आजीआजोबांकडे राहणे यात धरू नये. अधूनमधून भेटणाऱ्या आत्याकडे किंवा मावशीकडे, ओळखीच्या शेजाऱ्यांकडे त्याला सोडून, "मी तुला जेवायच्या आधी न्यायला येईन" असे सांगून निघावे आणि सांगितलेल्या वेळी परतावे. डोळा चुकवून पळ काढू नये, कारण त्याने मुलाचा विश्वास जातो आणि पुढचे सगळेच अवघड होते. निघताना रडणे हा नापास होण्याचा शेरा नव्हे. बहुतेक मुले रडतात. पाहायचे ते असे की दहा-पंधरा मिनिटांत ते दुसऱ्या मोठ्या माणसाकडून समजूत काढून घेते का, काही खाते का, खेळाकडे वळते का. चार-पाच वेळा असे करूनही ते तासभर आकांत करत असेल आणि पाणीसुद्धा पीत नसेल, तर ते अजून तयार नाही असे समजावे.

दुसरी गोष्ट बोलण्याची, आणि इथे घरच्यांचे कान फसवतात. "पापा" म्हणजे पाणी की पापड हे आईला कळते, बाईंना कळणार नाही. म्हणून त्याला भाजीवाल्या मावशींशी, सोसायटीच्या वॉचमन काकांशी बोलू द्यावे आणि आपण दुभाषाचे काम करू नये. तीन वर्षांच्या मुलाचे बहुतेक बोलणे परक्या माणसाला समजावे, दोन-तीन शब्दांची वाक्ये त्याला जुळवता यावीत, आणि मुख्य म्हणजे पाणी हवे, शू आली, दुखते आहे, नको आहे या चार गोष्टी त्याला कोणत्याही मोठ्या माणसाला सांगता याव्यात. इंग्रजी माध्यमाची शाळा निवडली असेल तर वर्गातल्या बाईंना आणि सांभाळणाऱ्या मावशींना मुलाचे मराठी समजते का आणि त्या मराठीत उत्तर देतात का, हे स्पष्ट विचारावे. बागलाण-मालेगावकडील घरांत अहिराणी आणि पेठ-सुरगाण्याकडील घरांत कोकणा बोलली जाते. अशा घरातून शहरात आलेल्या मुलाला शाळेची मराठीही काही प्रमाणात नवीन असते. ते वर्गात गप्प बसते म्हणून त्याला कमी समजते, असा निष्कर्ष कोणी काढला तर पालकांनी तो मान्य करू नये.

तिसरी गोष्ट शौचाची. दिवसा शू-शी सांगता येणे नर्सरीत जाताना फार उपयोगी पडते. रात्री अंथरूण ओले होणे मात्र पाच वर्षांपर्यंत सामान्य मानतात, त्यावरून काही ठरवू नये. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला कमोडची सवय असते आणि अनेक शाळांत भारतीय पद्धतीचे शौचालय असते. दोन पायांवर उकिडवे बसण्याची भीती वाटते म्हणून दिवसभर शू धरून ठेवणारी मुले असतात आणि त्याने मूत्रमार्गाचा संसर्गही होऊ शकतो. प्रवेश घेण्यापूर्वी शाळेचे शौचालय स्वतः पाहावे आणि तसे बसण्याचा सराव उन्हाळ्याच्या सुट्टीत करून घ्यावा. नाडीची किंवा घट्ट बटणाची चड्डी टाळून इलॅस्टिकची द्यावी.

चौथी गोष्ट डब्याची, जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. शाळेत द्यायचा तोच डबा आणि तीच बाटली मुलासमोर ठेवावी, जमिनीवर बसवावे आणि वीस मिनिटे काही न बोलता, मदत न करता पाहत राहावे. अनेक मुले क्लिपच्या झाकणाशी झटतात, दाताने ओढतात, मग डबा बाजूला सारतात. त्यांना भूक नसते असे नाही, झाकण उघडत नसते. काहींना पोळी तोडता येत नाही, कारण घरी कायम भरवलेले असते. बाटली उघडता येते पण लावता येत नाही आणि दप्तर भिजते. या चाचणीत मूल कमी पडले तर थांबण्याचे कारण नाही, फक्त डबा बदलावा, पोळीभाजीचा रोल करून द्यावा आणि भरवणे त्याच आठवड्यापासून थांबवावे. पंधरा दिवसांत बहुतेक मुलांना जमते. उलट कोणीच भरवत नसल्याने मूल एक घासही खात नसेल, तर त्याला आणखी काही महिने हवेत.

झोपेचाही विचार करावा. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याच्या सूचना दिल्या, त्यामागे मुलांची अपुरी झोप हेच कारण होते. परंतु पाथर्डी फाट्यावरून गंगापूर रोडच्या शाळेत व्हॅनने जायचे तर मुलाचा दिवस शाळेच्या किती तरी आधी सुरू होतो, आणि नाशिकची डिसेंबर-जानेवारीतली सकाळ किती बोचरी असते हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. या वयात नावाजलेल्या दूरच्या शाळेपेक्षा घराजवळची साधी बालवाडी किंवा अंगणवाडी मला अधिक योग्य वाटते.

अक्षरओळख हा निकष नव्हे

मुलाला ए टू झेड येते, शंभरपर्यंत आकडे म्हणता येतात, म्हणून ते तयार आहे असे समजणे ही फार मोठी चूक आहे. लिहिण्यासाठी हातही तयार व्हावा लागतो. माणसाच्या मनगटात ८ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची असतात आणि साधारण बाराव्या वर्षापर्यंत एकेक करून टणक होत जातात. तिसऱ्या वर्षी मूल पाहून गोल काढू शकते, चौकोन साधारण साडेचारच्या आसपास आणि त्रिकोण पाचच्या सुमारास जमतो. ज्याला त्रिकोण काढता येत नाही त्याच्याकडून चार रेघी वहीत अक्षरे गिरवून घेणे अन्यायाचे आहे. पायाभूत स्तरासाठी २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही ३ ते ६ वयोगटासाठी पाठ्यपुस्तके नसावीत अशीच भूमिका आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालवाडी सुरू केली तेव्हापासून गाणी, गोष्टी, माती, पाणी आणि हातकाम यांतून शिकवण्याची परंपरा आहे. शाळा पाहायला गेल्यावर भिंतीवरील चित्रांपेक्षा नर्सरीच्या वह्या मागून पाहाव्यात. पानेच्या पाने एकाच अक्षराने भरलेली असतील तर मूल कितीही तयार असले तरी ती शाळा त्याच्यासाठी तयार नाही.

पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत, चाचणी घेणे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार निषिद्ध आहे. त्यामुळे "मुलाखतीत बोलला नाही" म्हणून मुलाला रागावण्याचा प्रश्नच येऊ नये. सरकारी शाळांत पहिलीच्या आधी शाळापूर्व तयारीचा "पहिले पाऊल" मेळावा होतो. त्यात शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषिक आणि गणनपूर्व तयारी खेळांतून पाहिली जाते, आणि ती पाहण्यामागे प्रवेश नाकारण्याचा नव्हे तर उन्हाळ्यात घरी काय करून घ्यावे हे सांगण्याचा हेतू असतो. जवळच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौकशी करून तिथे जावे.

थांबणे कुठे धोक्याचे ठरते

काही मुलांच्या बाबतीत "अजून लहान आहे, येईल हळूहळू" हे वाक्य नुकसान करते. मागून हाक मारल्यावर वळत नाही, टीव्हीचा आवाज सतत वाढवते, फार जवळ जाऊन पाहते, डोळा तिरळा दिसतो, तीन वर्षांचे होऊनही शब्द जोडत नाही, नजरेला नजर देत नाही, किंवा आधी येत असलेल्या गोष्टी विसरू लागले आहे, यांपैकी काहीही दिसले तर शाळेचा निर्णय बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावे. मुलगे उशिराच बोलतात, त्याचे काकाही उशिरा बोलले होते, अशा समजुतींवर वर्ष घालवू नये. कानात पाणी साचल्याने कमी ऐकू येत असेल तर उपचार होतात. तिरळेपणावर लवकर उपचार झाले तर दृष्टी वाचू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत येऊन मुलांची मोफत तपासणी करतात, त्याचा लाभ घ्यावा. अशा मुलाला घरी ठेवून काही मिळत नाही. त्याला मदतीसह मुलांच्या सहवासात ठेवणेच बहुधा हिताचे असते. आणि सहा वर्षे पूर्ण झालेल्या कोणत्याही मुलाला, तयारी कमी वाटते म्हणून, पहिलीपासून दूर ठेवू नये; तो त्याचा हक्क आहे आणि कमी पडते ते भरून काढणे शाळेचे काम आहे.

निर्णय घेतल्यानंतर

निर्णय डिसेंबरात घेतला आणि शाळा जूनमध्ये असली तर मध्ये सहा महिने असतात. अडीच वर्षांच्या मुलासाठी तो त्याच्या आजवरच्या आयुष्याचा पाचवा हिस्सा असतो, म्हणून एप्रिलअखेर या सगळ्या गोष्टी पुन्हा पाहाव्यात. डिसेंबरात न जमलेले अनेकदा तेव्हा सहज जमते. थांबायचे ठरले तर ते वर्ष मोबाइलपुढे जाऊ देऊ नये. अंगणवाडी, सोसायटीतली मुले, मातीत खेळणे, घरातली छोटी कामे आणि रोज एक गोष्ट एवढे पुरेसे आहे.

शाळा सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे रडारड चालणारच. गणपतीपर्यंतही मूल रोज सकाळी पोट दुखते म्हणत असेल, झोपेत दचकत असेल, सुटलेली शू पुन्हा अंथरुणात होऊ लागली असेल, तर आधी बाईंशी बोलून वर्गात काय घडते ते समजून घ्यावे, काही दिवस अर्धा वेळ पाठवून पाहावे, आणि तरीही फरक पडला नाही तर नर्सरीतून काढून घेण्यात कोणताही कमीपणा मानू नये. त्यासाठी प्रवेशाच्या वेळीच एक प्रश्न विचारून ठेवावा: पहिल्या सत्रात मूल काढून घेतले तर शुल्कातील किती रक्कम परत मिळते. उत्तर लेखी घ्यावे, म्हणजे भरलेल्या पैशांकडे पाहून मुलाला शाळेत रेटण्याची वेळ येत नाही.