नागपुरात मुलांची सुटी कशी आखावी

नागपूरच्या उन्हाळ्यात मुलांना फिरायला न्यायचे असेल, तर दुपार छपराखाली आणि संध्याकाळ मोकळ्यावर, असाच क्रम ठेवावा. गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात शिरताच आधी तारांगणाच्या पुढच्या खेळाची वेळ विचारून तिकीट काढावे आणि मधल्या वेळात मुलांना प्रयोगांच्या कळा स्वतः दाबू द्याव्यात. फलक वाचून दाखवण्याची घाई (जी आपल्यालाच असते) करू नये. १८६३ साली स्थापन झालेला अजब बंगला, म्हणजे शहराचे मध्यवर्ती संग्रहालय, सोमवारी बंद असतो. अगदी लहानग्यांसाठी मला मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय अधिक पसंत आहे, कारण अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती इंजिने त्यांना आपलीशी वाटतात. परतताना फुटाळा तलावावर भाजलेले कणीस घ्यावे. पाणी मात्र घरूनच न्यावे.