मालमत्ता एजंटांनो, दलालीवरचा आयकर भरताना या चुका टाळा

विवरणपत्र भरण्याचे दिवस जवळ आले की स्वतंत्रपणे काम करणारे मालमत्ता एजंट कागदपत्रे घेऊन येतात, आणि दरवर्षी त्यांत त्याच त्या चुका सापडतात. ग्राहकासाठी सातबारा, मंजूर नकाशा आणि महारेरा क्रमांक बारकाईने तपासणारा माणूस स्वतःच्या खर्चाची पावती मात्र जपून ठेवत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. कायद्याने त्याला मिळणारी वजावट थोडीथोडकी नसते, आणि ती तो स्वतःच्या हाताने घालवतो. पुढे दिलेली कलमे १९६१ च्या आयकर कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू असल्याने त्यानंतरच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.

दलालीला ‘४४ एडी’ लागू नाही

दलालीचे उत्पन्न ४४ एडी खाली दाखवणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. छोट्या व्यावसायिकाने उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत किंवा डिजिटल पद्धतीने आलेल्या रकमेवर ६ टक्के उत्पन्न दाखवावे आणि हिशेबाच्या वह्यांतून मोकळे व्हावे, अशी सोय कलम ४४ एडी देते. परंतु त्याच कलमाच्या सहाव्या उपकलमात कमिशन किंवा दलालीचे उत्पन्न असणाऱ्यांना आणि एजन्सीचा व्यवसाय करणाऱ्यांना स्पष्टपणे वगळलेले आहे. निम्मे उत्पन्न दाखवण्याची सोय देणारे कलम ४४ एडीए डॉक्टर, वकील, वास्तुविशारद अशा ठरावीक व्यवसायांपुरते आहे आणि त्या यादीत मालमत्ता एजंट नाही. त्यामुळे केवळ दलालीवर जगणाऱ्या एजंटाने आयटीआर-४ (अंदाजित उत्पन्नासाठीचा विवरणपत्राचा सोपा फॉर्म) भरणे चूक आहे. त्याने आयटीआर-३ भरावा आणि प्रत्यक्ष नफा-तोट्याचा हिशेब द्यावा.

माझ्याकडे आलेल्या एका अनुभवी एजंटाने हे कोणाला विचारलेच नव्हते. वर्षाची दलाली १८ लाख रुपये होती, बिल्डरने कलम १९४ एच खाली त्या वेळच्या ५ टक्के दराने ९०,००० रुपये टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला होता. यांनी मित्राच्या सांगण्यावरून ६ टक्क्यांप्रमाणे १,०८,००० रुपये उत्पन्न दाखवले, कर शून्य आला आणि संपूर्ण टीडीएसचा परतावा खात्यात जमा झाला. परतावा मिळाला म्हणजे विवरणपत्र बरोबर आहे, अशी त्यांची समजूत झाली. पुढे ते प्रकरण छाननीत निघाले, कारण फॉर्म २६ एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या टीडीएसची नोंद असलेल्या विवरणात, प्रत्येक रकमेसमोर १९४ एच हे कलम छापलेले असते आणि ते दलालीचेच आहे हे सांगायला कोणाची गरज लागत नाही.

हिशेबाच्या वह्या मागणारी नोटीस आल्यावर ते माझ्याकडे एक कापडी पिशवी घेऊन आले. पेट्रोल पंपाच्या थर्मल कागदावरच्या पावत्या पार कोऱ्या झाल्या होत्या. उजेडात धरूनही तारीख वाचता येत नव्हती. कार्यालयाचे भाडे बँकेतून गेलेले होते आणि संकेतस्थळांवरच्या जाहिरातींची बिले ईमेलवर होती, म्हणून ते खर्च मान्य झाले. पेट्रोल, चहापान आणि ग्राहक आणून देणाऱ्यांना रोख दिलेले पैसे यांतले जवळजवळ काहीच टिकले नाही. हे खर्च खोटे नव्हते, त्या माणसाने ते खरोखर केले होते, आणि तरीही त्यांवर त्याला कर, व्याज आणि दंड भरावा लागला. व्यवसायाचे उत्पन्न अडीच लाखांवर असेल तर वह्या ठेवणे कलम ४४ एए नुसार बंधनकारक आहे आणि न ठेवल्यास २५,००० रुपयांचा वेगळा दंड आहे, हेही त्यांना तेव्हाच कळले.

यावर माझा आग्रह एवढाच असतो की व्यवसायासाठी बँकेत वेगळे खाते असावे, सर्व दलाली त्यातच यावी आणि सर्व खर्च त्यातूनच जावा. थर्मल पावतीचा त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढावा आणि खर्चासमोर प्रकल्पाचे नाव लिहावे. मार्चअखेरीस बसून वर्षभराची व्हाउचर एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिणाऱ्यांची कामे मी घेत नाही.

गाडी

दुसरी चूक गाडीची, आणि ती नव्याने धंद्यात आलेले एजंट हमखास करतात. कर वाचवायचा म्हणून मार्चमध्ये १० लाखांची गाडी घेतली जाते आणि सगळी रक्कम खर्चात टाका असे सांगितले जाते. गाडी ही भांडवली मालमत्ता आहे. तिच्यावर कलम ३२ खाली वर्षाला १५ टक्के घसारा (वापरामुळे कमी होणाऱ्या किमतीची वजावट) मिळतो, आणि आर्थिक वर्षात ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर त्याच्या निम्माच. म्हणजे त्या वर्षी १० लाखांवर ७५,००० रुपये. तीच गाडी घरच्या कामालाही वापरली जात असेल तर कलम ३८(२) नुसार व्यवसायाच्या वापराच्या प्रमाणातच वजावट मिळते; वापर ७० टक्के असेल तर ५२,५०० रुपये. कर्जाचा संपूर्ण हप्ता खर्चात टाकणे हीदेखील याच जातीची चूक आहे, कारण हप्त्यातले फक्त व्याज खर्च ठरते, मुद्दल नाही.

वापराचे प्रमाण अंदाजाने ठोकू नये. गाडीत एक छोटी वही ठेवावी आणि साइट व्हिजिटची तारीख, प्रकल्प, ग्राहकाचे नाव व जाता-येतानाचे रीडिंग तिथेच नोंदवावे. मोबाइलवरची ॲप चांगली असतीलही, परंतु साइटवरून उतरतानाच लिहिलेल्या ओळीवर माझा अधिक विश्वास आहे. ‘इतकी कटकट कोण करणार’ असे विचारणाऱ्याने घरगुती वापर जास्त धरावा आणि वजावट कमी घ्यावी. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत.

नव्या करप्रणालीचा गैरसमज

२०२३-२४ या आर्थिक वर्षापासून वेगळी निवड न केल्यास नवी करप्रणालीच लागू होते, आणि ‘नव्या प्रणालीत वजावट नाही’ हे वाक्य ऐकून काही एजंट कार्यालयाचे भाडे, फोन, जाहिरात, कर्मचाऱ्याचा पगार असे खर्चही दाखवत नाहीत. हे नुकसान पाहून मला फार वाईट वाटते. जाते ती ८० सी (आयुर्विमा, गुंतवणूक), ८० डी (मेडिक्लेम) यांसारखी वैयक्तिक वजावट. व्यवसायासाठी संपूर्णपणे व केवळ त्यासाठीच केलेला खर्च कलम ३७(१) खाली दोन्ही प्रणालींत मिळतो. जुनी प्रणाली हवी असेल तर फॉर्म १०-आयईए मुदतीत भरावा लागतो, आणि व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला त्यातून एकदाच परत फिरता येते, त्यामुळे हा निर्णय आकडेमोड केल्याशिवाय घेऊ नये.

बाकीच्या चुका थोडक्यात

एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिले तर कलम ४०ए(३) नुसार ती सगळी रक्कम नामंजूर होते, केवळ वरची नाही. सब-ब्रोकरचा वाटा बँकेतून किंवा यूपीआयनेच द्यावा. आदल्या वर्षीची उलाढाल १ कोटीवर गेली असेल तर त्या वाट्यावर टीडीएसही कापावा लागतो, अन्यथा त्या खर्चाचे ३० टक्के नामंजूर होतात.

बँकेत आलेली निव्वळ रक्कम उत्पन्न म्हणून दाखवून वर टीडीएसचे श्रेय घेऊ नये. दलाली टीडीएस कापण्यापूर्वीची दाखवावी. बिल्डरने मार्चअखेरीस नोंद करून टीडीएस कापला आणि पैसे पुढच्या वर्षी मिळाले, तर रोख पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्याने ते श्रेय पुढे न्यावे आणि उत्पन्न दाखवले त्याच वर्षी घ्यावे.

महारेराचे नोंदणी शुल्क आणि प्रशिक्षणाचा खर्च मान्य होतो. नियमभंगाचा दंड होत नाही. स्वतःचा आयुर्विमा, मेडिक्लेम आणि कपडे हा व्यवसायाचा खर्च नव्हे. स्वतःच्या मालकीच्या घरात कार्यालय असेल तर स्वतःलाच दिलेले काल्पनिक भाडे चालत नाही. जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतले असेल तर तीच रक्कम पुन्हा खर्चात धरू नये.

आधीच चुकीचे विवरणपत्र भरलेले असेल तर नोटिशीची वाट पाहू नये. मुदत शिल्लक असल्यास कलम १३९(५) खाली सुधारित विवरणपत्र भरून फॉर्म आणि खर्च दोन्ही दुरुस्त करता येतात. ती मुदत गेली असल्यास करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येते, परंतु त्यासाठी उशिरानुसार कर व व्याजाच्या २५ ते ७० टक्के अतिरिक्त कर भरावा लागतो. राहून गेलेला खर्च त्यात घालून कर कमी करता येत नाही, म्हणून सुटलेली वजावट परत मिळवायची असेल तर सुधारित विवरणपत्राच्या मुदतीतच हालचाल करावी.