धातूच्या मिनिएचरचे (छोट्या मूर्तीचे) पंख निखळायचे थांबले ते असे

आमच्या म्हापशात पावसात हवा एवढी दमट की सुपरग्लू झटकन धरतो, पण नुसत्या ग्लूवर जड पंख राहत नाही, कारण सुकला की तो ठिसूळ होतो, सरळ ओढलं तर धरून ठेवतो पण आडवा धक्का बसला की कटकन सुटतो. म्हणून जड सांध्यात पिन, म्हणजे दोन्ही भागांत शिरणारा तारेचा तुकडा, घालायचीच.

आधी भाग साबणाने घासून धुवा, साच्याचं तेलकटपण जायला हवं. मग हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने, १ मिमीचं बिट लावून, एका बाजूला भोक पाडायचं, त्याच्या तोंडाला ओल्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि दुसरा भाग त्यावर नीट टेकवायचा, ठिपका उमटेल तिथेच दुसरं भोक. ही युक्ती मला सगळ्यात आवडते, खरंच! व्हाइट मेटल (या मूर्तींचा मिश्रधातू) मऊ असतं तरी घाई नको, मधेमधे बिट बाहेर काढून चुरा झाडा नाहीतर आतच तुटतं. मग दोन्ही भोकांत पिन बसवायची, त्यासाठी पितळेची तार नसेल तर पेपरक्लिप चालते.

मोठ्या सांध्याला पिनसोबत अराल्डाइट (दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद), आणि रात्रभर हात लावायचा नाही. ग्लूची बाटली मात्र सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, इथल्या हवेत उघडी राहिली की लगेच घट्ट होते.