स्क्लेरोडर्मात बोटाला जखम झाली तर काय करावं?

सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे स्क्लेरोडर्मा (कातडी कडक करणारा आणि रक्तवाहिन्या अरुंद करणारा आजार) असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांना कधी ना कधी बोटांवर जखमा होतात. टोकावरची जखम बहुधा रक्त पुरेसं न पोचल्याने होते, तर सांध्यावरची कातडी ताणून फाटल्याने. म्हणून नुसत्या मलमाने भागत नाही. बोटापर्यंत रक्त पोचवणं हा खरा इलाज, मलमपट्टी त्याच्या जोडीला.

आधी ऊब. 'मुंबईत कसली आलीय थंडी?' असं घरचेच म्हणतात. पण एसी लोकल, ऑफिसातला गारठा, पापलेट निवडताना बर्फात घातलेला हात, एवढ्यानेही बोटं आधी पांढरीफटक आणि मग निळी पडतात. पर्समध्ये हातमोजे ठेवा, एसीत शालही घ्या. अंग गार पडलं की बोटंही आवळतात. बधिर बोटांना गरम पिशवी लावू नका, भाजलेलं कळत नाही.

तंबाखू पूर्ण बंद. मिश्रीसुद्धा, जिला आपल्याकडे कुणी व्यसनात धरत नाही.

आता जखम. हात साबणाने धुवा, मग जखमेवर सलाइन ओता. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली तर चरचरत नाही. स्वच्छ गॉजने टिपा, घासू नका. कोरड्या जखमेला ओलावा धरणारी पट्टी लागते, पाझरणारीला शोषून घेणारी. कुठली ते डॉक्टरांना विचारा. पट्टी सैलसर बांधा. चिकटली तर भिजवून सोडवा. हळद, टूथपेस्ट, हायड्रोजन पेरॉक्साइड काहीही लावू नका. खपली ओढू नका, आणि काळा पडलेला कोरडा भाग कोरडाच राहू द्या. विळीवर नारळ खवणं, कोळंबी सोलणं सध्या दुसऱ्यावर सोपवा.

औषधं संधिवाततज्ज्ञ ठरवतात. परळच्या केईएममध्ये त्यांचा स्वतंत्र विभाग आहे. रक्तवाहिन्या सैल करायला निफेडिपिन किंवा अ‍ॅम्लोडिपिन देतात, पुढे सिल्डेनाफिल (म्हणजेच व्हायग्रातलं औषध) किंवा टाडालाफिल. नाव वाचून मेडिकलवाला गालात हसला तर हसू दे. मात्र हृदयासाठी नायट्रेटची गोळी, जिभेखाली ठेवायची किंवा गिळायची, घेत असाल तर आधी सांगा. ती आणि सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल मिळून रक्तदाब धोकादायक उतरतो. जखमा पुन्हा पुन्हा होत असतील तर बोसेंटन. ते नव्या जखमा कमी करतं, आहे ती जखम त्याने लवकर भरत नाही. त्यावर असताना दरमहा यकृताची तपासणी लागते आणि गर्भारपणात ते चालत नाही. जखम चिघळतच राहिली तर दाखल करून शिरेतून इलोप्रॉस्ट देतात. सर्दीची गोळी मनाने घेऊ नका. नाक मोकळं करणारी बरीच औषधं रक्तवाहिन्या आवळतात.

लाली पसरली, पू आला, ठणका वाढला किंवा ताप आला तर लगेच दाखवा. अँटिबायोटिक लागू शकतं, आणि जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेलाय का हे बघायला एक्स-रे काढतात. ऊब देऊनही बोटाचा रंग परतत नसेल किंवा ते काळं पडू लागलं, तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका. चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन थेट कॅज्युअल्टी गाठा.