खोताच्या वाडीतल्या जुन्या घरी धर्मग्रामाची सहल कशी न्यावी

धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांच्या, सहलीची चर्चमध्ये घोषणा करण्याआधी ज्या घरी जायचं त्या घरच्यांना विचारा. गिरगावातल्या खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्याच मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती, कुटुंबांची लाकडी घरं आहेत, पण ती संग्रहालयं नाहीत. आत आजी दुपारची पडलेली असते, कुणाचा अभ्यास चालू असतो. ओळखीतल्या माणसाकरवी निरोप धाडा आणि तारीख त्यांनाच ठरवू द्या. रविवार मात्र नको. सकाळी मिस्सा (चर्चमधली उपासना) असते, शिवाय लोकलचा ब्लॉक.

एका वेळी बारा जण पुरेत. पहिल्या खेपेला आम्ही तीस जण गेलो. ओट्यावर उभं राहायला जागा उरली नाही, पाण्याचे पेले शेजारून आणावे लागले. त्याची मला अजून लाज वाटते. आता दोन गट करतो: एक घरात, दुसरा जवळच्या संत तेरेजाच्या चर्चमध्ये. बस ठरवू नका, ती गल्लीत शिरत नाही. चर्नी रोडला उतरून चालत जा.

आदल्या रविवारी मिस्सेनंतर दहा मिनिटं माहिती द्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथले जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले. एके काळी ६५ घरं होती, आज निम्मीही नाहीत. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव १८८७चं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षातलं. मराठी बोलणाऱ्यांचं नाव इंग्रजी कसं, हे मुलं हमखास विचारतात. नोकरीसाठी मुंबईत आलेल्या गोव्या-मंगळुरूच्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, इथलेच, हे सरकारदरबारी दाखवायचं होतं, असं सांगा.

घरात गेल्यावर बसा आणि ऐका. ‘घर किती जुनं?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर मिळतं. त्यापेक्षा लग्नविधीच्या पाण्याबद्दल विचारा: ‘तुमच्या लग्नात उंबराचं पाणी कुठल्या विहिरीवरून आणलं?’ मग बँडपासून लुगड्यापर्यंत सगळं निघतं. बाटली मसाल्याचंही तसंच: उन्हात वाळणाऱ्या मिरच्या, कुटायला येणाऱ्या बाया, बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरलेला वर्षाचा साठा. प्रमाण मात्र विचारू नका, ते घराघराचं गुपित असतं.

घरातल्या अल्तारासमोर (देवाच्या वेदीसमोर) फोटो काढायचा तर आधी परवानगी घ्या. निघताना त्यांच्या मृतांची नावं विचारून तिथंच एक ‘नमो मरिया’ ही प्रार्थना म्हणा, मराठीत.

जेवण त्यांच्यावर टाकू नका. फुगे (तळलेले गोल पाव) आणि विंदालूची ऑर्डर एखाद्या ईस्ट इंडियन बाईंकडे आधीच द्या.

आठवड्याभरात फोटो छापून नेऊन द्या. मोबाइलवरचे आजीला नीट दिसत नाहीत. मागे सगळ्यांची नावं लिहा, मोठ्या अक्षरात.