नव्या गाडीत पहिल्याच महिन्यात बिघाड? या चुका टाळा

गाडी घरी येऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, किंवा सकाळी पहिल्यांदा सुरू केली की इंजिन थरथरतं. नव्या गाडीतला असा बिघाड काढणं बहुतेक वेळा फार अवघड नसतं. कुठे कनेक्टर नीट बसलेला नसतो, कुठे होजचा क्लॅम्प सैल असतो, कुठे सेन्सर खराब निघतो. अवघड जातं ते बिघाड होता हे दाखवून देणं. अधूनमधून येणारा दोष वर्कशॉपमध्ये नेमका दिसत नाही, जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या तक्रार-नोंदीच्या कागदावर, ‘दोष आढळला नाही’ असं लिहून गाडी परत मिळते आणि वॉरंटीचे दिवस सरत राहतात. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांभाळायची: दोषाचा माग. खालच्या बहुतेक चुकांमध्ये मालक तोच नकळत पुसून टाकतो.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चेक इंजिनचा दिवा लागतो तेव्हा इंजिनचा संगणक फक्त कोड साठवत नाही. त्या क्षणी वेग किती होता, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) किती, इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचं तापमान किती, इंजिनवर भार किती, याचंही एक चित्र तो जपून ठेवतो. मेकॅनिक त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. अधूनमधून येणाऱ्या दोषात हेच चित्र सर्वात मोलाचं असतं. बॅटरीचं टर्मिनल काढलं किंवा स्कॅनरने कोड ‘क्लिअर’ केला की बहुतेक गाड्यांत ते जातं. शिवाय संगणकाच्या स्वतःच्या तपासण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि त्या पूर्ण व्हायला थंड इंजिनच्या सुरुवातीसह बरंच अंतर चालवावं लागतं. त्याआधी गाडी वर्कशॉपला नेली तर तिथे काहीच सापडत नाही.

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (इंजिनच्या संगणकाशी जोडायच्या जागेला) लावायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर असेल तर कोड जरूर वाचा, स्क्रीनशॉट घ्या आणि तिथेच थांबा. कोड म्हणजे निदान नव्हे हेही लक्षात ठेवा. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. त्यामागे इनटेक होजची गळती असेल, इंधनाचा दाब कमी असेल किंवा सेन्सर चुकत असेल. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथे इंधन नीट पेटत नाही. कोड बघून परस्पर भाग बदलायला सांगू नका, पण तो कोड जॉब कार्डवर मात्र लिहून घ्या.

दिव्याचा रंग न बघता ‘घरापर्यंत नेऊ’ म्हणणं

तेलाच्या दाबाचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा. तेलाचा दाब नसताना बेअरिंग खराब व्हायला मिनिटभरही पुरतं. तापमानाचा लाल दिवा लागला तरी थांबायचंच. बोनेट उघडा, पण कूलंटचं झाकण इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका; आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं.

चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर हळू चालवत वर्कशॉप गाठता येतं. तोच दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. लुकलुकणं म्हणजे जोराचं मिसफायर. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि आतली जाळी वितळवतं. ठिणगीला वीज देणाऱ्या कॉइलपुरतं निभावलं असतं ते काम मग कन्व्हर्टरपर्यंत जातं, आणि ‘दिवा दिसत असूनही चालवली’ म्हणून वॉरंटीवर वाद होतो तो वेगळाच. अशा वेळी कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करा. ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद देणारी किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर सपाट ट्रकच मागा. चाकं जमिनीवर ठेवून ओढल्यास गिअरबॉक्स किंवा मोटर खराब होऊ शकते.

आवाजांची गल्लत

नव्या गाडीत काही आवाज आणि वास असतातच. सायलेन्सरवरचं संरक्षक तेल आणि लेप जळून जाईपर्यंत सुरुवातीचे काही दिवस जळका वास येतो. सुरू करून निघाल्यावर थोडा वेग आला की एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) स्वतःची चाचणी घेतं, तेव्हा एकदाच घर्र किंवा टक असा आवाज होतो. कोकणात पावसाच्या रात्री उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो; दोन-तीन वेळा ब्रेक दाबला की तो निघून जातो. एसी चालू असताना पुढच्या भागाखाली स्वच्छ पाणी ठिबकणं हेही ठीक.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटला, म्हणजे चाकांची दिशा जुळवायला, धावण्याआधी हवा बघा. यार्डात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या टायरना चपटेपणा येऊ नये म्हणून हवा जास्त भरलेली असते आणि डिलिव्हरीच्या घाईत ती कमी करायची राहून जाते. योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, आणि तो टायर थंड असतानाच मोजायचा. हवा बरोबर असूनही ओढत असेल तर वर्कशॉपला पुढचे दोन टायर आपसात बदलून बघायला सांगा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा, नाही बदलली तर अलाइनमेंटचा किंवा सस्पेन्शनचा. ठरावीक दिशेनेच फिरणारे टायर असतील तर ही चाचणी करू नका. महिनोन् महिने एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीत वेगात थरथर जाणवते. टायर गरम झाल्यावर ती गेली तर काळजी नाही, राहिली तर बॅलन्सिंग करून घ्या आणि तरीही राहिली तर टायर बदलून मागा.

‘नवीन आहे, सेट होईल’ हे वाक्य मात्र पुढच्या गोष्टींना कधीच लावू नका: कूलंट पुन्हा पुन्हा कमी होणं, ब्रेकचं पेडल हळूहळू खाली बसणं, आरपीएम चढूनही वेग न वाढणं, रबर जळल्यासारखा वास, गाडीखाली रंगीत डाग. कूलंटची पातळी पहिल्या काही आठवड्यांत एकदा थोडीशी खाली येऊ शकते, कारण भरताना अडकलेली हवा बाहेर पडते. थंड इंजिनवर टाकीवर मार्करने रेघ मारा आणि दर आठवड्याला फोटो काढा. एकदा भरल्यावर पुन्हा उतरली तर ती गळती समजा. डाग कुठला हे ओळखायला रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा आणि चाकं कुठे होती त्याच्या खुणा करा. गुलाबी, हिरवं किंवा निळं म्हणजे कूलंट, मधाच्या रंगाचं म्हणजे इंजिन ऑइल, लालसर असेल तर बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. पुठ्ठा फेकू नका, गाडीबरोबर वर्कशॉपला न्या.

तोंडी तक्रार

सर्व्हिस ॲडव्हायझरला फोनवर सांगणं, त्याने ‘या साहेब, बघून घेऊ’ म्हणणं, गाडी तासाभरात पाण्याने धुऊन परत मिळणं आणि हातात एकही कागद नसणं. असं तीनदा घडलं तरी कागदोपत्री ती शून्य वेळा झालेली तक्रार असते. प्रत्येक फेरीला जॉब कार्ड उघडायला लावा, मग गाडी दहा मिनिटांसाठी आत जात असली तरी.

तक्रारीचे शब्द तुमचे हवेत. ‘पिकअप कमी’ किंवा ‘आवाज येतो’ यावरून कोणालाच काही सापडणार नाही. असं लिहा: ‘रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या पाच मिनिटांत, दुसऱ्या गिअरमध्ये १५ ते २० किमी वेगाला झटका. एसी बंद असतानाही. इंजिन गरम झाल्यावर थांबतो. आठ दिवसांत सहा वेळा.’ सोबत मोबाइलवर व्हिडिओ असू द्या, पण तो शेजारी बसलेल्याने काढलेला असावा. त्यात आवाजाबरोबर आरपीएमचा काटा आणि किलोमीटरचा आकडा दिसला पाहिजे.

थंड इंजिनचा दोष असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी वर्कशॉपला सोडा आणि सकाळी ती तुमच्या समोरच सुरू करायला सांगा. चालताना येणारा दोष असेल तर टेक्निशियनला शेजारी बसवून तुम्ही स्वतः चालवा. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या वेगाला तो येतो हे तुम्हालाच ठाऊक असतं. गाडी सोडताना आणि घेताना किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा.

परत घेताना काय सापडलं, कुठला भाग बदलला आणि कुठलं सॉफ्टवेअर टाकलं हे कागदावर मागा. वॉरंटीत काम झालं तर बिल शून्य रुपयांचं असतं म्हणून लोक ते घेतच नाहीत. तेच बिल पुढे ‘हा भाग दुसऱ्यांदा गेला’ हे सिद्ध करतं. आणि गाडी चालवून बघण्याआधी ‘समाधानी’ रकान्यात सही करू नका. दोष तसाच असेल तर सहीच्या वर ‘दोष कायम’ असं हाताने लिहा.

पेट्रोलवर ढकललेला दोष

पंपावरून निघाल्यावर काही किलोमीटरांतच गाडी मिसिंग करायला लागली तर पावती जपा आणि दुसऱ्या पंपावर टाकी फुल करू नका. भेसळीचा किंवा पाण्याचा पुरावा त्यात विरून जातो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि पाणी शिरलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं. पंप नेमका तळातूनच इंधन ओढतो. वर्कशॉपला टाकीच्या तळाचं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढायला सांगा आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर दोष इंधनाचा. थर नसेल तर ‘खराब पेट्रोल’ हे उत्तर तसंच मान्य करू नका.

डिझेल गाडी आणि चार किलोमीटरचं ऑफिस

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ नियमांनंतर डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. ती भरत आली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून ती तापवतं आणि काजळी जाळतं. याला सलग पंधरा-वीस मिनिटं एकसारखा वेग लागतो, साधारण ६० किमीच्या पुढचा. रोज चार किलोमीटर ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या गाडीत हे काम अर्ध्यावर तुटतं, आणि जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. मग दोन गोष्टी दिसतात: डीपीएफचा दिवा, आणि डिपस्टिकवर वाढलेली तेलाची पातळी. तेल वाढलेलं बघून काही जण खूश होतात. ते पातळ झालेलं तेल असतं. पातळी कमाल खुणेच्या वर गेली असेल तर गाडी ताणू नका, तेल बदलून घ्या.

दिवा नुकताच लागला असेल आणि तेलाची पातळी ठीक असेल तर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे मोकळ्या महामार्गावर चालवा आणि दिवा विझेपर्यंत इंजिन बंद करू नका. दिवा लुकलुकू लागल्यावर किंवा चेक इंजिनही लागल्यावर हा उपाय चालत नाही. मग वर्कशॉपलाच नेऊन काजळी जाळून घ्यावी लागते. वापर बहुतांश शहरातलाच असेल तर डिझेल गाडी घेऊच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बाहेरून जोडलेल्या वस्तू

मोठा हॉर्न, जास्त वॅटचे दिवे, डॅशकॅम. वायर कापून जोडलेली कुठलीही वस्तू इलेक्ट्रिकल वॉरंटीवर पाणी सोडायला पुरेशी ठरते. सकाळी बॅटरी उतरलेली सापडत असेल तर आधी डॅशकॅमची वायर काढून दोन रात्री बघा. तरीही उतरली तर गाडी बंद करून लॉक केल्यावर किती करंट ओढला जातो ते वर्कशॉपला मोजायला सांगा. गाडी पूर्ण ‘झोपल्यावर’ तो साधारण ५० मिलिअँपियरच्या आत असायला हवा.

विम्यातून दुरुस्ती

‘इन्शुरन्समधून करून टाकू’ असं कोणी सुचवलं तर नकार द्या. यांत्रिक किंवा इलेक्ट्रिकल बिघाड साध्या विमा पॉलिसीत बसत नाही. तो बसवायचा म्हणजे अपघाताचं खोटं कारण लिहावं लागतं. तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, जातो आणि उत्पादनातला दोष कागदावरून नाहीसा होतो.

पहिल्याच दिवशी ‘गाडी बदलून द्या’

भारतात सदोष नव्या गाडीसाठी अमेरिकेसारखा वेगळा ‘लेमन लॉ’ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका कारच्या क्लचसंबंधीच्या वादात असं म्हटलं की, वॉरंटीची अट भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असताना पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नव्हता. म्हणून बदलीची मागणी टिकते ती तोच दोष वारंवार दुरुस्त करूनही परत आल्याचं दिसतं तेव्हा. जॉब कार्डांची गड्डी इथे कामाला येते. नोंदणीआधीच दोष दिसला तर मात्र तिथेच दुसरी गाडी मागा. आरटीओत नाव चढल्यानंतर ती वापरलेली गाडी ठरते.

आधी वर्कशॉप मॅनेजर, मग कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल. त्यात १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर, सगळ्या जॉब कार्डांच्या तारखा आणि किलोमीटर लिहा. याच नंबरवरून त्या गाडीसाठी रिकॉल, म्हणजे दोष सापडल्याने कंपनीने गाड्या परत बोलावणं, आहे का तेही कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. रिकॉलची दुरुस्ती मोफत असते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर ग्राहक आयोग. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते, आणि तुम्ही राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात ती करता येते. पाच ते दहा लाखांच्या गाडीला शुल्क २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची. स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणाराही ग्राहकच धरला जातो.

उत्पादनातला दोष आहे असं म्हणताना तज्ज्ञाची तपासणी आयोगाकडे मागायला विसरू नका. ती न मागितल्याने अनेक तक्रारी लंगड्या पडतात. आणि वाद सुरू आहे म्हणून सर्व्हिस थांबवू नका. अनेक कंपन्यांची पहिली सर्व्हिस १,००० किमी किंवा एक महिना, यापैकी जे आधी येईल तेव्हा असते. गाडी वर्कशॉपमध्येच उभी असेल आणि महिना उलटत असेल तर ती तारीखही ईमेलमध्ये लिहून ठेवा.